गाव बाहेर, आवाज आत

दार लावल्यावर कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्यांतली मी आहे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारी. सांगलीत आमच्या गल्लीत या सवयीची भरपूर थट्टा होते. पण मी वेबसाइट बनवते, आणि त्या कामात याच सवयीवर माझं नाव टिकून आहे. कुठलीही फाइल माझ्याकडे कधी एकाच ठिकाणी नसते. एकदाच, त्या सिंधुदुर्गातल्या अकरा दिवसांत, ती एकाच ठिकाणी राहिली आणि ते ठिकाण एका रिकाम्या गावात होतं. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी हे लिहिताना मी दर ओळीला फाइल सेव्ह करते आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठाला आहे एवढं पुरे. तिथे रेजिना टीचर राहतात. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवलं. पाढे त्या एका खास चालीवर म्हणायच्या. नुसते दोन ते तीस नाहीत, तर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे, जे आता फारसं कुणी म्हणत नाही तेही. त्यांच्या घशाचं दुखणं वाढत गेलं आणि गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. डिसेंबरातल्या एका सोमवारची तारीखही दिली. मुंबई-गोव्यात आणि आखातात पांगलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मग ठरवलं, की टीचरांचा आवाज जाण्याआधी सगळे पाढे आणि थोड्या गोष्टी त्यांच्याच तोंडून घ्यायच्या आणि मुलांसाठी एक वेबसाइट करायची. एकूण एकेचाळीस ध्वनिमुद्रणं. ते काम माझ्याकडे आलं.

कणकवलीहून पुढे, शुक्रवार

सांगलीहून घाट उतरून कणकवलीला आले तेव्हा दुपार झाली होती. डिसेंबर असूनही अंगाला घाम. टीचरांचा शेजारी बाबल टेम्पो घेऊन आला होता. पन्नाशी ओलांडलेला, पिळदार मिशीचा माणूस, पण टीचरांचं नाव काढलं की चौथीतला विद्यार्थी होई. गाडी सुरू करण्याआधीच त्याने मला बजावलं.

"बाय, टीचरांका उगाच प्रश्न इचारू नको हां. इचारलंस तर उत्तर देतत, आणि मगे घसो दुखता."

शेवटचे दहा किलोमीटर मी फोनवरच्या रेघा मोजत होते. चार होत्या, त्या दोन झाल्या, एक झाली, आणि सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, उतरून खाली खाडीकडे वळलो तेव्हा एकही उरली नाही. ते मला आधीच सांगितलं होतं. म्हणून साइट मी लॅपटॉपवरच, ऑफलाइन तयार करणार होते आणि सगळं संपल्यावर कणकवलीत येऊन सिंक करणार होते. सिंक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक वही माझ्याजवळ, तिचीच जोडवही सर्व्हरवर. दोन्ही वह्या एकमेकींसमोर ठेवल्या की प्रोग्राम पानन् पान ताडून बघतो आणि ज्या वहीतलं पान नंतर लिहिलेलं असेल ते दुसरीत उतरवतो. मला हे काम नेहमी थोडं भीतीचंच वाटतं, कारण जुनं पान पुसताना तो प्रोग्राम विचारत बसत नाही.

सर्व्हरवरच्या वहीत जागा धरून ठेवायला मी महिन्यापूर्वी पुस्तकात बघून माझ्याच आवाजातले पाढे घालून ठेवले होते. एकेचाळीस फाइली, तीच नावं. टीचरांचे पाढे आले की माझे पुसले जाणार, इतकं ते सोपं होतं.

टीचर ओट्यावर उभ्या होत्या. सत्तरी पार केलेल्या, किडकिडीत, गळ्याभोवती सुती रुमाल. आवाज खरखरीत, पण शब्द अगदी स्वच्छ.

"ईलंस? हात-पाय धू. पयली पेज जेव. मशीन मगे उघड."

उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किस्मूर. मी आणलेलं भडंग त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी त्या म्हणाल्या, "बरा आसा." त्या ठसक्याने माझा जीव कासावीस झाला. या घशात सगळं साठवलेलं आहे आणि मी त्यावर तिखट घातलं, असं वाटून मी भडंगाची पिशवी बॅगेच्या तळाशी दडवली.

खाडीकाठी, शनिवार ते बुधवार

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. चहा पिताना टीचर सहज म्हणाल्या, "गुरवारी गाव भायर जातलो. सगळो. माणसां, ढोरां, कुत्रे, कोंबये. तू पण येतलंस."

ही गावपळण. काही वर्षांतून एकदा देवळात कौल घेतात, आणि कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. मागे जिवंत असं काही ठेवायचं नाही. मी नुसतं ऐकून होते. माझ्या माहेरी जत्रेला सगळा गाव एका जागी गोळा होतो, पण इथे सगळा गाव एका जागेवरून निघून जातो, हे मला चमत्कारिक वाटलं.

"टीचर, तुम्ही पण जाता?"

"ख्रिश्चन म्हणान इचारतंस?" त्या म्हणाल्या. "पाय गावाचे आसत मां, बाय. गाव जाता थय आमी जातंव."

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते. सकाळी आठ ते दहा एवढाच वेळ आवाज बरा असे. खिडक्यांना गोधड्या लावून, पंखा बंद करून आम्ही बसायचो. टीचर ताठ बसत, मांडीवर हात ठेवत आणि सुरू करत. माझं अर्धं लक्ष शब्दांकडे आणि अर्धं त्या आवाजाकडे. शनिवारी तो भरीव होता. सोमवारी तो मधेच तुटायला लागला. मंगळवारी एका पाढ्याच्या शेवटी नुसतीच हवा आली, तेव्हा मी घाबरून मशीन बंद केलं. टीचर पाणी प्यायल्या, त्यांनी डोळे मिटले, दहा मिनिटांनी पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हटला. डॉक्टरांनी आवाज जपून वापरायला सांगितलं होतं. त्या तो जपत नव्हत्या, काढून देत होत्या, आणि घेणारी मी होते. मला रोज दुपारी त्या घरात अपराधी वाटायचं.

बुधवारी एकेचाळिसावं, शेवटचं मुद्रण झालं. त्यानंतर टीचर फक्त कुजबुजू शकत होत्या. मी सगळ्या फाइली तपासल्या, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढली, आणि पेनड्राइव्ह जपून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. दोन प्रती झाल्या म्हणून मला फार हुशार वाटलं. दोन्ही एकाच बॅगेत आहेत, हे तीनदा कुलूप ओढणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही.

वेशीबाहेर, गुरुवार

बेत असा होता की बाबलच्या टेम्पोतून वेशीपर्यंत जायचं, तिथून एसटीने कणकवली गाठायची आणि दुपारी सिंक करून मोकळं व्हायचं.

सकाळी सगळं गाव रस्त्यावर. गुरं पुढे, मागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, टोपलीतल्या कोंबड्या, पोतं झाकलेल्या पिंजऱ्यातला पोपट, कडेवरचं मूल, आणि एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचललेलं. कुणी घाईत नाही, कुणी रडत नाही, उलट लग्नाला निघाल्यासारखी चेष्टामस्करी चाललेली. मी टीचरांचा हात धरून पुढे बसले. बॅग मी स्वतः मागे ठेवली होती. स्वतः, माझ्या हातांनी.

वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून तयार होत्या. टेम्पो थांबला. मी मागे गेले. कोंबड्यांची पाटी होती, दोन शेळ्या होत्या, टीचरांची मांजर होती, भांडी होती. बॅग नव्हती.

"बाबल, माझी काळी बॅग?"

"ती? ती घरात ठेवलंय, टीचरांच्या टेबलार. कोंबयेंची पाटी मावणा नाय होती. जिता तेवढा भायर काढूचा मां? निर्जीव घरात रवता."

मी वेड्यासारखं विचारलं, "घराला कुलूप तरी लावलंत?"

"गावपळणीक कुलूप कशाक? चोर असलो तरी तो हयच आसतलो आमच्यावांगडा," तो हसून म्हणाला. मग त्याने माझा चेहरा बघितला. "काय होता तेच्यात?"

"टीचरांचा आवाज," मी म्हणाले. "सगळा. दुसरीकडे कुठेच नाही."

बाबलचं तोंड उतरलं. त्याने वेशीकडे बघितलं, टीचरांकडे बघितलं आणि खाली बसून डोकं धरलं. तीन दिवस. रविवारी कौल मिळाला तर परत आत. आणि सोमवारच्या ऑपरेशनसाठी टीचरांना शनिवारीच गोव्याला भरती व्हायचं होतं.

माळावर नेटवर्क होतं. हीच मोठी चेष्टा. फोनवर चार रेघा आणि पाठवायला काही नाही. मी सांगलीला माझ्याबरोबर काम करणाऱ्या नितीनला फोन केला आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. तो म्हणाला, "काळजी करू नकोस ताई, तोवर मी इकडचं नीट करून ठेवतो." काय नीट करणार ते मी विचारलं नाही. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

त्या दिवशी माळावर वाटाण्याचं सांबारं आणि भात होता. पोरं खेळत होती, बाया फुगड्या घालत होत्या, भजनाची पेटी निघाली. त्या एवढ्या गजबजाटात मी एकटीच भ्यायलेली. लॅपटॉप पूर्ण बंद केला होता की नुसता मिटला होता, हे काही केल्या आठवेना. जुनी बॅटरी. ती फुगली तर? छपराचं कौल फुटलं असेल आणि पाऊस आला तर? डिसेंबरात पाऊस येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी सारखी आभाळाकडे बघत होते.

वेशीबाहेर, शुक्रवार

सकाळी बाबल मला घेऊन तात्यांकडे गेला. तात्या म्हणजे गावचे मानकरी, ऐंशीच्या घरातले. खोपीसमोर बसून सुपारी कातरत होते. बाबलने रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती.

"तात्यानू, टीचरांचो आवाज जितो काय मेलेलो?"

"असा काय इचारतंस?"

"जितो म्हणशात, तर तो आत रवलो. म्हणजे जिता आत ठेवन आमी भायर ईलंव. दोष गावाक लागतलो. मी जावन घेवन येतंय."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि हा प्रश्न थट्टेचा नाही असं समजून विचार केला.

"टीचर खंय आसत?"

"हय. खोपीत पडलेत."

"आणि तुझ्या बापाशीचो फोटो भितीर आसा. तो हाडलंस भायर?"

"नाय."

"मगे ह्या पण तसाच. टीचर हय आसत म्हणजे आवाज हय आसा. थय आसा तो फोटो. रवांदे."

त्यांचं बरोबर होतं आणि तेच मला भयंकर वाटलं. सोमवारनंतर टीचर असतील आणि आवाज फक्त त्या फोटोतच असेल, हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. आम्ही परत आलो.

दुपारी सगळे जेवून लवंडल्यावर मी एकटीच वेशीपर्यंत गेले. वडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, तिथून गाव सुरू होतं. रस्ता सरळ उतरत जात होता. कुत्रं नाही, गुरं नाहीत, चुलीचा धूर नाही. घरांची दारं नुसती लोटलेली. वाऱ्याने कुठलं तरी एक दार उघडत होतं आणि मिटत होतं, तेवढाच आवाज. टीचरांचं घर पंधरा मिनिटांवर. जाऊन येऊन अर्धा तास. मी बाहेरची, मला कुठला देव आणि कुठला कौल, असं मी स्वतःला सांगितलं आणि एक पाऊल दगडापलीकडे टाकलं.

देवाची भीती होती का? होती. माणसांची होती का? तीही होती. आणि ते दार वाजत होतं त्याचीही होती. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. तरी मी दुसरं पाऊल उचललं.

"सुजाता, मागे ये."

कुजबुज होती, पण वर्गात ऐकू येते तशी. टीचर वडाचा आधार घेऊन उभ्या होत्या, चढ चढून आल्यामुळे धापा टाकत.

"टीचर, अर्धा तास. कुणालाही कळणार नाही."

"माका कळला."

त्या बोलू नयेत म्हणून तरी मी परत फिरायला हवं होतं, पण मी तशीच उभी राहिले आणि त्यांना बोलावं लागलं.

"चाळीस वर्सां ह्या पोरांका सांगलंय, ओळीभायर जावचा नाय. माझ्यासाठी ओळ मोडलंस, तर मगे तो आवाज कोणाक ऐकवतलंस?"

"आणि गेला तर, टीचर?"

"गेलो तर गेलो. माझोच मां? सोमवारी तो जातलोच आसा."

मी मागे आले. त्यांनी माझा दंड धरला, मला आधार द्यायला की स्वतःला, ते कळलं नाही. उतारावरून आम्ही हळूहळू खोपींकडे आलो आणि मी वाटभर रडले. टीचरांनी मला रडू दिलं.

वेशीबाहेर, शनिवार आणि रविवार

शनिवारी सकाळी टीचरांची मुलगी लिंडा मडगावहून गाडी घेऊन आली. बँकेत नोकरी करणारी, शांत मुलगी. बॅगेचं ऐकून ती म्हणाली, "ममाला स्वतःला दोष लावून घेऊ देऊ नका. ती हसत जाऊ दे."

टीचर गाडीत बसल्या. सगळं गाव गाडीभोवती. तात्यासुद्धा काठी टेकत आले. टीचरांनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. हा आवाज मी शेवटचा ऐकणार होते. माझ्या हातात फोन होता, बटण दाबून तो धरणं सहज शक्य होतं. मला ते करवलं नाही.

"जेवन जा," त्या म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेली. मी जेवले. सांगितलं होतं म्हणून जेवले.

रविवारी सकाळी कौल मिळाला. ढोल वाजले, गुरं आपणहून वेशीकडे वळली. मी आणि बाबल टेम्पोत सगळ्यांच्या पुढे निघालो होतो, पण मान मानकऱ्यांचा, त्यामुळे त्यांच्या मागे पायी चालण्याच्या वेगाने आम्ही गावात शिरलो. तो रस्ता संपता संपेना.

बॅग टेबलावर होती. उभीच्या उभी, मी ठेवली असती तशी. मी चेन उघडली. बॅगेच्या तळाशी दडवलेल्या भडंगाचा पत्ता नव्हता. पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या, बॅगेला तळाशी मुठीएवढं भोक होतं, आणि चार्जरची वायर दोन ठिकाणी कुरतडून आतली तार दिसत होती.

"उंदीर," बाबल म्हणाला. मग त्याला वेगळीच काळजी लागली. "तो पण जितोच मां? तो कसो रवलो आत?"

मी लॅपटॉपचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला. चार्ज संपलाय की आतही काही कुरतडलंय, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या चार्जरशिवाय काही करता येणार नव्हतं आणि रविवारी दुकानं बंद. पेनड्राइव्ह कप्प्यात होता, पण तो लावून बघायला गावात दुसरं मशीन नव्हतं. मी बॅग पोटाशी धरून टीचरांच्या रिकाम्या घरात बसून राहिले.

कणकवली, सोमवार

टीचरांचं ऑपरेशन अकराला होतं. मी साडेनऊला एका दुरुस्तीच्या दुकानात उभी होते. दुकानदाराने कुठल्या तरी जुन्या मशीनचा चार्जर काढून दिला. एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये मी खोली घेतली, दार लावलं, कडी दोनदा बघितली आणि वायर जोडली.

दिवा लागला. दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं. फोल्डर उघडला. एकेचाळीस. मी पहिली फाइल लावली आणि त्या परक्या खोलीत टीचर बोलायला लागल्या. मी तोंडावर हात ठेवून हुंदके देत ऐकत राहिले.

आणि मग, आनंदात, आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यांदा न तपासता बटण दाबलं. फोनचं नेट जोडलं आणि सिंक सुरू केलं.

फाइल वर जाताना बाण वर दाखवतो. बाण खाली दाखवत होता.

समजायला दोन सेकंद लागले असतील. नितीनने 'इकडचं नीट करून ठेवतो' म्हणजे काय केलं ते मला तेव्हा कळलं. गुरुवारी माझा घाबरलेला फोन ऐकून त्या बिचाऱ्याने शनिवारी बसून सर्व्हरवरचे माझ्या आवाजातले पाढे साफसूफ करून पुन्हा चढवून ठेवले होते. तीच नावं, आणि तारीख टीचरांच्या पाढ्यांनंतरची. म्हणून प्रोग्रामच्या हिशेबी नवं पान माझंच होतं, आणि तो टीचरांना पुसून माझा आवाज घालत होता.

नेट बंद कसं करतात ते मला त्या क्षणी आठवेना. वीस वर्षं हेच काम करून आठवेना. मी फोन उचलला आणि दार उघडून पळत सुटले, जिना उतरून, काउंटरवरून, थेट रस्त्यावर. स्टँडच्या फाटकाशी पोहोचल्यावर थांबले. एवढ्या लांब फोनचं नेट खोलीतल्या मशीनला पोहोचणार नव्हतं. लॉजवाला मागे येऊन उभा राहिला, बाईला झटका आला की काय म्हणून. मी फोन पूर्ण बंद करून परत वर गेले.

तीन फाइली गेल्या होत्या. पहिली लावली, तर माझाच रटाळ आवाज दोनचा पाढा म्हणत होता. मला स्वतःच्या आवाजाची इतकी किळस कधी आली नव्हती. पेनड्राइव्ह लावला. मशीनने तो ओळखला नाही. काढून, फुंकर मारून, पुन्हा लावला. ओळखला. तिन्ही तिथे होत्या.

मग मी शहाण्यासारखं वागले. सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि एकेक करून, प्रत्येक ऐकून, वर पाठवली. सव्वादोनला लिंडाचा मेसेज आला. 'ऑपरेशन झालं. ठीक आहे.' तेव्हा माझी सव्विसावी फाइल जात होती. एकेचाळिसावी गेली तेव्हा साडेचार वाजले होते. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हे त्यानंतर लक्षात आलं.

सांगली

साइट सुरू झाली. शाळेतली मुलं ऐकू लागली, आखातातून लोकांचे निरोप आले. महिन्याभराने टीचरांचा पहिला मेसेज आला. मला वाटलं, आभार असतील. त्या शिक्षिका आहेत हे मी विसरले होते.

'बाय, सगळा ऐकलंय. सवायकेत सात गेलो. सहा सव्वे साडेसात आणि मगे एकदम आठ. पोरां चुकीचा शिकतली. काढून टाक.'

मला सव्वाचा पाढा पाठ नाही, म्हणून ऐकूनही मला कळलं नव्हतं. मी पुन्हा लावली. सहा सव्वे साडेसात. मग गोधडी लावलेल्या खिडकीबाहेरून कुणी तरी बाई ओरडते, "टीचर, बांगडे व्हये?" आणि टीचर हसतात. बारीक, घशातून, शाळेत दंगा करताना सापडलेल्या मुलीसारखं. मग पटकन स्वतःला सावरून आठवर जातात. एकेचाळीस फाइलींत त्या दुसऱ्या कुठेच हसलेल्या नाहीत. मी सगळ्या ऐकून बघितल्या.

मी लिहिलं, की दुसऱ्या पाढ्यांतले शब्द कापून सात जोडता येईल.

'जोडलेलो सात माझो नाय. काढ.'

त्यांचा आवाज, त्यांचा वर्ग, त्यांचीच ओळ. मी कोण? मी लॅपटॉप उघडला. कामाच्या सवयीने नेट बंदच होतं. सवायकीची फाइल निवडली आणि पुसली; पेनड्राइव्ह तर कणकवलीनंतर पुन्हा उघडलाच नव्हता. एकदा नेट जोडून सिंक केलं की सर्व्हरवरूनही ती जाईल आणि जगात ते हसणं कुठे राहणार नाही. मी टीचरांना कळवलं, 'काढलं.' ते खोटं नव्हतं.

त्यानंतर तो लॅपटॉप मी मिटून कपाटात ठेवला आणि कामाला दुसरा घेतला. टीचर कुठल्याही दिवशी साइट उघडतील आणि सवायकी अजून तिथेच आहे हे त्यांना कळेल, याची मला रोज भीती वाटते. जुना लॅपटॉप मात्र मी अजून नेटला जोडलेला नाही.